समेटाचा हात

धाकटीला तिच्या थोरल्या बहिणीने माफ केलं होतं, हे आमच्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कशाबद्दल माफ केलं, तेही. धुलाईच्या दुकानात नवं गिऱ्हाईक आलं, पडद्यांचं बोचकं काउंटरवर ठेवलं, की थोरली पावती फाडता फाडता आतल्या दाराकडे मान वळवायची आणि म्हणायची, "ती माझी धाकटी बहीण. माझ्या लेकीचा जीव तिच्या हातून गेला. पण मी तिला माफ केलंय हो. सगळं देवावर सोपवलंय." गिऱ्हाईकाचे डोळे भरून यायचे. पडद्यांच्या धुलाईत त्याला एक संत फुकटात बघायला मिळायची.

हे मला ठाऊक, कारण माझं शिवणयंत्र त्याच दुकानाच्या खिडकीपाशी होतं. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी धुवायला यायच्या, त्यातल्या फाटक्या मी शिवायची. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. तिखट बोलणाऱ्याचं निदान पोटात एक आणि ओठात एक नसतं. थोरलीचा आवाज मात्र सायीसारखा होता, आणि त्या आवाजाने तिने धाकटीला कित्येक वर्षं केसाने गळा कापावा तसं कापलं.

आधी झालं काय ते सांगते. थोरली तरुणपणीच विधवा झाली. नवऱ्यामागे तिच्यापाशी हे दुकान उरलं आणि चिमी नावाची तुरुतुरु पळणारी लेक. धाकटी तेव्हा लग्नाच्या वयाची, मदतीला म्हणून येऊन राहिली. कपडे उकळायची भट्टी मागच्या गल्लीच्या पलीकडे शेडमध्ये होती आणि वाळत घालायच्या दोऱ्या अलीकडे अंगणात. म्हणजे ओल्या चादरी उचलून गल्ली ओलांडायची आणि अंगणाच्या फाटकातून आत यायचं. गल्लीतून दिवसभर मालाच्या गाड्या जायच्या, म्हणून फाटकाला आतून उंचावर कडी होती, चिमीचा हात पोचू नये अशी.

त्या दुपारी धाकटी दोन्ही हातांत चादरींचा भारा घेऊन आत आली आणि टाचेने फाटक लोटलं. कडी लावायला हात मोकळा नव्हता. चादरी दोरीवर टाकते आणि येते, एवढाच तिचा विचार. तिने चादरी टाकल्या, वळली, आणि तोवर चिमी गाडीखाली होती.

याला कोणी पाप म्हणेल तर म्हणो. माझ्या मते ती चूक होती, आणि अशा चुका आपण सगळेच रोज करतो. आपल्या गल्लीत त्या वेळी गाडी नसते, इतकाच काय तो फरक.

आमच्या चर्चमध्ये एक रीत आहे. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, आधी पाळकसाहेब थोडा वेळ गप्प उभे राहतात. ज्याच्या मनात कोणाविषयी काही असेल त्याने उठायचं, त्या माणसापाशी जायचं, त्याचा हात धरायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "मी तुला क्षमा केली." याला आम्ही समेटाची वेळ म्हणतो. फार कोणी उठत नाही. माणसं आपापलं वैर जपून असतात.

चिमीला पुरल्यानंतरच्या रविवारी थोरली उठली. ती पहिल्या बाकावर बसायची आणि धाकटी अगदी मागे, दारापाशी. अडखळत सगळी वाट चालत ती मागे गेली, बहिणीचा हात धरला आणि म्हणाली, "मी तुला क्षमा केली." मी ओक्साबोक्शी रडले. आजही सांगते, त्या दिवशी थोरलीचं मन खरं होतं. त्या दिवशी तिथे देव होता.

पुढच्या रविवारी ती पुन्हा उठली. त्याच्या पुढच्याही. चालण्यातलं अडखळणं गेलं, आवाज खणखणीत झाला. पावसात, उन्हात, तापात, एक रविवार चुकला नाही. बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांचे यजमान त्यांना आधीच कोपराने डिवचून ठेवायचे, "आता बघा हं." आणि रोज संध्याकाळी दुकान आवरताना, चार गिऱ्हाइकं उभी असताना, थोरली आत बघून गोड आवाजात विचारायची, "धाकटे, कडी लावलीस का गं?"

धाकटी म्हणायची, "लावली, ताई."

मी एकदा थोरलीला म्हटलं, "बाई, माफ केलंस ना? मग एकदाचं संपव की."

ती म्हणाली, "माझं मन हलकं झालं की थांबेन."

देवावर सोपवलं म्हणजे आपला हात सुटला पाहिजे. थोरलीने एक टोक देवाच्या हाती दिलं आणि दुसरं स्वतः घट्ट धरून ठेवलं. दोन बाया समोरासमोर उभ्या राहून मोठी चादर पिळतात ना, तसं चाललं होतं. यात देवाचा दोष नाही. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

शेवटी धाकटी पाळकसाहेबांकडे गेली. एकटीला धीर होईना म्हणून मला सोबत नेलं. पाळकसाहेब टेबलाशी बसून चष्मा पुसत होते.

"साहेब," ती म्हणाली, "मी त्याच दिवशी देवाकडे माफी मागितली. मला वाटतं त्याने दिली. ताईचं मात्र अजून चाललंय."

"अगं, क्षमा ही रोजच्या भाकरीसारखी असते. रोज लागते."

"भाकर पोटात जाते, साहेब. ही घशात अडकते."

पाळकसाहेबांनी चष्मा चढवला. "मिळत असलेल्या क्षमेकडे पाठ फिरवणं, याला गर्व म्हणतात. आणि गर्व हे पाप आहे. तुझी बहीण एवढी मोठ्या मनाची, आणि तू तक्रार घेऊन येतेस?"

बिचारी ओझं उतरवायला गेली होती, येताना डोक्यावर आणखी एक गाठोडं घेऊन आली. मी पाळकसाहेबांना दोन शब्द सुनावणार होते, पण धाकटीने माझा पदर ओढला.

मग सुतार आला. चर्चचे बाक दुरुस्त करायला आलेला साधा, अबोल माणूस. तो आमच्या दुकानात सदरे टाकू लागला. सदरे असे, की त्यावर डाग शोधायला दिवा लावावा. मी धाकटीला चिडवायची, "बाई गं, हा माणूस लाकूड तासतो की अत्तर विकतो?" ती लाजायची. तिचा चेहरा लाजताना इतका सुंदर दिसतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. एके दिवशी तो नवा कोट घालून आला आणि थोरलीकडे रीतसर मागणी घातली.

थोरलीने त्याला खुर्ची दिली. पाणी दिलं. म्हणाली, "माझा आशीर्वाद आहे. मी तिला माफ केलंय, तुम्हीही करा. फक्त उद्या तुम्हाला मूल झालं, तर दाराकडे जरा तुम्हीच लक्ष ठेवत जा. तिचा भरवसा नाही, म्हणून सांगते. आईचं काळीज आहे हो माझं."

सुताराने पाणी संपवलं, धुतलेला सदरा काखेत घेतला आणि गेला. दुसऱ्या वर्षी त्याने दवाखान्यातल्या एका परिचारिकेशी लग्न केलं. लग्नाचा सदरा आमच्याकडेच इस्त्रीला आला. थोरलीने तो धाकटीच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "कॉलरला इस्त्री नीट कर हं, त्याचा आनंदाचा दिवस आहे." धाकटीने कॉलरला इस्त्री नीट केली.

त्यानंतर ती बोलायची कमी झाली. सुताराचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. भट्टी, दोऱ्या, इस्त्री, रविवार. केस पांढरे झाले, हात साबणाच्या पाण्याने सोलवटले, आणि दर संध्याकाळी "लावली, ताई."

आणि एक दिवस थोरलीला लकवा मारला. काउंटरवरच कोसळली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात तेवढा चालायचा, आणि डोळ्यांवरून कळायचं की आत सगळं शाबूत आहे. धाकटीने तिचं सगळं केलं. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, कशातही कसूर नाही. अंगणाकडच्या खोलीत खाट लावली, दार उघडलं की थोरलीला दोऱ्या दिसाव्यात म्हणून. रविवारी चाकाच्या खुर्चीतून चर्चला आणलं आणि पहिल्या बाकाशेजारी तिच्या जागेपाशी खुर्ची उभी केली.

समेटाची वेळ आली. सगळ्यांच्या माना पुढे वळल्या, आता कसं होणार म्हणून. तेवढ्यात मागच्या बाकावरून धाकटी उठली. सगळी वाट चालत पुढे गेली. बहिणीचा निर्जीव उजवा हात उचलून धरला आणि थोरलीच्याच सुरात, तितक्याच खणखणीत आवाजात म्हणाली, "ताई, मी तुला क्षमा केली."

बाहेर चर्चच्या अंगणात बायकांनी तिला गाठलं. "कशाबद्दल गं?"

"जाऊ द्या," धाकटी म्हणाली. "माफ केलंय ना मी."

बस. एवढंच पुरलं. लोकांच्या जिभेला हाड नसतं. कोणी म्हणालं, थोरलीने नवऱ्याला औषध वेळेवर दिलं नव्हतं. कोणी म्हणालं, अहो, त्या दिवशी फाटक मुळात थोरलीनेच उघडं ठेवलं होतं, इतकी वर्षं बहिणीच्या माथी मारलं. थोरली सगळं ऐकायची. नाही म्हणायला तिच्यापाशी जीभ नव्हती. दर रविवारी धाकटी उठायची, आणि दर सोमवारी गल्लीत नवी गोष्ट फिरायची.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? जशास तसं, म्हटलं. पण मग एका रविवारी मी खुर्चीच्या मागेच बसले होते. धाकटीने हात धरला, शब्द उच्चारले, आणि थोरलीच्या एकाच डोळ्यातून पाणी आलं. दुसरा डोळा नुसता उघडा.

दुकानात मी म्हटलं, "धाकटे, पुरे कर. ती किती दिवसांची सोबतीण आहे?"

ती इस्त्रीवरून मान न उचलता म्हणाली, "माझं मन हलकं झालं की थांबेन."

पुढे फार दिवस गेले नाहीत. एका दुपारी थोरली गेली. दफन झालं, मंडळी आपापल्या घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दुकानात. हॉटेलच्या चादरी थांबत नाहीत. धाकटी घडी घालत होती आणि मी टीप मारत होते. अचानक तिने घडी सोडली.

"तिने हात पुढे केला होता," ती म्हणाली.

"कोणी?"

"ताईने. ती गेली त्या दुपारी. मी शेडमधून भारा घेऊन आले. तिच्या दारावरूनच दोऱ्यांकडे जायचं ना. तिने डावा हात असा उचलला, माझ्याकडे. रविवार नव्हता, कोणी बघत नव्हतं. हात नुसता धरून होती हवेत. काय पाहिजे होतं तिला, पाणी की काय, देव जाणे. पण मला वाटतं, मला कळलं होतं. मी म्हटलं, 'थांब, माझे हात भरलेत.' आणि दोऱ्यांकडे गेले."

"मग काय झालं? भरलेलेच होते की."

"चादरी खाली टाकता आल्या असत्या." ती स्वतःच्या हातांकडे बघत होती. "चिमीच्या वेळी सुचलं नाही गं मला. खरंच सुचलं नव्हतं. या वेळी सुचलं होतं. मी एकेक चादर दोरीवर नीट पसरली. सुरकुत्या काढल्या. चिमटे लावले. मुद्दाम. आत आले तेव्हा हात खाटेवरून खाली लोंबत होता."

मी यंत्र थांबवलं. म्हटलं, "देवाकडे माग. तो देतो, तूच म्हणत होतीस ना?"

"देवाकडे मागितलंय. तो देईलही, माझी श्रद्धा आहे." मग तिचा आवाज फुटला. "अगं, इतकी वर्षं मला माफी मिळत होती तेव्हा माझं पाप नव्हतं. आता आहे, तर माफ करणारी पुरून आले मी."

मी तिला जवळ घेतलं. ती रडली नाही. थोड्या वेळाने तिने घडी पुन्हा हातात घेतली आणि कडा जुळवू लागली.

त्या रविवारी पाळकसाहेब समेटाच्या वेळी गप्प उभे राहिले, आणि धाकटी उठली. वाट चालून पहिल्या बाकापर्यंत गेली. खुर्ची उभी असायची तिथे फरशीवर चाकांचे काळे ओरखडे होते. त्यांच्यापुढे थांबून तिने हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. पाळकसाहेबांना राहवलं नाही. ते खाली उतरले आणि तिचा हात धरायला गेले. तिने हात मागे घेतला.

"तुमचं मी काही वाकडं केलं नाही, साहेब," ती हळूच म्हणाली. पाळकसाहेब परत जागेवर गेले आणि तिने हात पुन्हा पुढे केला.

अजून दर रविवारी ती जाते. प्रभुभोजन सुरू होईपर्यंत हात पुढे करून उभी राहते, मग मागच्या बाकावर येऊन बसते. बाहेरगावचे पाहुणे असले की यजमान त्यांना कोपराने डिवचतात आणि कानात सांगतात, "बघा, बहिणीवर किती माया." आणि पाहुणे डोळे पुसतात.