राउंडच्या वेळी हलायचं नाही

माझी आत्या आयुष्यभर एका छोट्या सरकारी हॉस्पिटलात आया होती. पण तिथल्या पेशंटांना विचाराल तर हॉस्पिटल तिचंच होतं आणि डॉक्टर तिच्याकडे नोकरीला होते. सगळे तिला फौजदार म्हणत, तेही तोंडावर. तिला ते आवडायचं.

तिचा कायदा साधा होता. सकाळी डॉक्टर राउंडला येण्याआधी प्रत्येक पलंगाची चादर ताणलेली हवी, कोपरे गादीखाली दुमडलेले हवेत आणि राउंड संपेपर्यंत कुणी हलायचं नाही. खोकला आला तर गिळायचा. पलंगावर बसायची परवानगी नातेवाइकांना नव्हती, डॉक्टरांनाही नव्हती. एक नवा डॉक्टर चुकून टेकला तेव्हा ती म्हणाली, "साहेब, खुर्ची आहे." बदली होईपर्यंत तो बिचारा उभ्यानंच पेशंट तपासत राहिला.

आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून ती मला पंक्चर म्हणते. कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय मी घरातल्या अंथरुणाजवळ फिरकायचं नाही, हा कायदा घरालाही लागू. लहानपणी मला तिची फार भीती वाटायची. आता वाटत नाही असं म्हणणार होतो, पण उगाच खोटं कशाला बोला.

सरकारी दवाखान्यांची उतरंड मला तिच्यामुळे कळली. वस्तीवरच्या एका खोलीत नर्स बसते. वजन करते, लस टोचते. तिला झेपलं नाही तर आत्याचं हॉस्पिटल, म्हणजे ताप, टाके, बाळंतपण. तिथं झेपलं नाही तर जिल्ह्याचं, जिथं ऑपरेशन होतं. त्यांनीही हात टेकले तर सगळ्यात मोठं, जिथं डॉक्टर शिकतात, आणि मेंदूला एक मजला, हृदयाला एक मजला असतो. मडक्यांच्या उतरंडीत मोठं मडकं तळाला असतं, इथं ते वर. एखाद्याला तिकडे पाठवायचं ठरलं की नातेवाइकांचे चेहरे उतरायचे. आत्या मात्र अँब्युलन्सचं दार लावताना पेशंटलाच दटावायची, "तिथं जाऊन आपल्या हॉस्पिटलाचं नाव घालवू नका. राउंडला नीट पडून राहा."

निवृत्ती तोंडावर आली असताना एका सकाळी चादरीचा कोपरा दुमडता दुमडता तिचा डावा हात तिथंच राहिला. पक्षाघात. छोट्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून मोठ्याला, अशी ती स्वतःच उतरंड चढली. अँब्युलन्समध्ये मी तिच्या पायाशी बसलो होतो. तोंड वाकडं झालेलं, शब्द फुटत नव्हता, पण उजव्या हातानं अंगाखालची चादर सारखी करणं चालूच होतं.

मेंदूच्या मजल्यावरच्या माणसांनी तिचा जीव वाचवला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण तिथं जीव वाचला की पलंग पुढच्याला द्यावा लागतो. पुढे दोन वाटा होत्या. एक, पुन्हा चालायला-बोलायला शिकवणारं हॉस्पिटल. तिथं जागा कमी, म्हणून ज्याच्यात सुधारणा दिसते त्यालाच घेतात. दुसरी, कायमच्या मुक्कामाचं. तिथं वेळेवर भरवतात, कूस बदलतात, माणसंही प्रेमळ आहेत. पण तिथून परत घरी आलेला कुणी माझ्या पाहण्यात नव्हता.

रोज सकाळी मोठे डॉक्टर यायचे, मागे शिकाऊ डॉक्टर आणि व्यायाम घेणाऱ्या बाई. "मावशी, डावा हात उचला." आत्या छताकडे बघत राहायची. "पाय हलवा." ढिम्म. शेवटी डॉक्टर मला बाहेर येऊन म्हणाले, "काहीच सुधारणा दिसत नाही. सोमवारी ठरवू. पण मुक्कामाच्या हॉस्पिटलची तयारी ठेवा."

त्याच दुपारी भेटायच्या वेळेला गेलो आणि दारातच थबकलो. आत्या उशीला टेकून बसली होती, जीभ दातात धरून दोन्ही हातांनी चादर ताणत होती. डावा हात थरथरत होता, पण बोटांनी काठ घट्ट धरला होता.

"अगं, मग सकाळी का नाही हलवलास?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मी लाजच सोडली होती. "राउंड... होता."

मी हसलो, आणि हसता हसता रडलो. मग धावत जाऊन सिस्टरना सांगितलं. त्या मायेनं म्हणाल्या, "घरच्यांना असं दिसतंच हो." त्या बघायला आल्या, तर त्यांचा पांढरा गणवेश दिसताच आत्या पुन्हा लाकूड. मी समजावलं, विनवलं, चिडलो. तिचं एकच उत्तर, "शिस्त."

सोमवारी हातापाया पडून मी राउंडला थांबायची परवानगी काढली. येताना सायकलची चेन पडली. ती बसवून तसाच पळत आलो, हात काळे ते काळेच. डॉक्टरांनी विचारलं, आत्या छताकडे बघत राहिली. डॉक्टर सुस्कारा टाकून सिस्टरकडे वळले. "ठीक आहे. मग मुक्कामाचं..."

माझं डोकंच फिरलं. मी सरळ पुढे गेलो, तिच्या पलंगावर बसलो आणि ग्रीसचे दोन्ही पंजे त्या पांढऱ्या चादरीवर ठेवले.

"अहो, हे काय?" सिस्टर म्हणाल्या.

आत्याची नजर छतावरून खाली आली. तिनं ते काळे ठसे पाहिले. कित्येक दिवसांत ऐकला नव्हता असा स्वच्छ शब्द तिच्या तोंडून आला. "पंक्चर. ऊठ."

मी उठलो नाही. मग तिनं उजव्या हातानं चादरीचा काठ पकडला. त्याच्या शेजारी हळूहळू डावा हात आला, त्यानंही पकडला. चादर ओढायची तर दोन हात लागतात, हे तिनंच मला लहानपणी शिकवलं होतं. तिनं असा हिसका दिला की मी पलंगावरून घसरलो.

डॉक्टर वाकून म्हणाले, "मावशी, पुन्हा एकदा?"

"राउंड... झाल्यावर."

मी खालूनच सगळा उलगडा केला. डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. "मावशी, आमच्याकडे नियम उलटा आहे. राउंडला जे जे हलतंय ते सगळं हलवून दाखवायचं."

आत्या त्यांच्याकडे रोखून बघत म्हणाली, "आधी... सांगायचं."

चालायला-बोलायला शिकवणाऱ्या त्या हॉस्पिटलात तिनं उभं राहायला, मग दांडीला धरून चालायला, मग पूर्ण वाक्यात भांडायला शिकून घेतलं. तिथून ती घरी आली, चालत.

तपासणीसाठी तिला तिच्याच छोट्या हॉस्पिटलात जायचं होतं. काठी टेकत ती वॉर्डात शिरली तेव्हा नेमका राउंड चालू होता. फौजदार आल्याची कुजबुज झाली आणि सगळे पेशंट श्वास रोखून ताठ झाले. तिनं एकदा सगळ्यांवर नजर फिरवली आणि काठी जमिनीवर आपटली.

"असे मढ्यासारखे काय पडलात? डॉक्टर आलेत. ज्याचं जे हलतंय ते हलवून दाखवा."

आधी कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यानं भीत भीत प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं हलवली. मग शेजारच्यानं मान, पलीकडच्यानं हात. बघता बघता अख्खा वॉर्ड हलायला लागला आणि डॉक्टरांना कुठून सुरुवात करावी ते कळेना. आत्यानं जवळच्या पलंगाचा सुटलेला कोपरा डाव्या हातानं उचलला आणि गादीखाली दुमडला. धावत जाऊन तिला मिठी मारावीशी वाटली, पण मी दारातच उभा राहिलो. दुकानातून तसाच आलो होतो, हात धुतले नव्हते.