बाबांच्या लॅपटॉपचा पूर्ण नंबर

गेल्या महिन्यात एका शनिवारी तलासरी नाक्यावर रिपेअरिंगच्या दुकानाबाहेर मी बाबांचा लॅपटॉप उलटा धरून उभी होते... उन्हात तरी खालच्या स्टिकरवर काही वाचता येतंय का ते बघत. स्टिकर होता, पण त्यावर पिवळट डागांशिवाय काहीही उरलं नव्हतं.

आधी सांगते की हा लॅपटॉप आमच्यासाठी काय होता. बाबा उधव्याच्या शाळेत शिक्षक होते, रिटायर झाले तेव्हा सहकाऱ्यांनी वर्गणी काढून त्यांना तो भेट दिला. पुढे घशाचा कॅन्सर निघाला आणि ऑपरेशनमध्ये आवाज जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं.

मग ऑपरेशनच्या आधी बाबांनी एक काम केलं. आमच्या सरावलीच्या घरात दार लावून बसले आणि रोज लागणारी वाक्यं स्वतःच्या आवाजात लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये रेकॉर्ड केली... ‘चहा टाक’, ‘पंखा कमी कर’, ‘जेवलीस का’, ‘कोण आलंय बघ’. आईवर खेकसण्याची वेगळी, माझ्यावर खेकसण्याची वेगळी!

ऑपरेशननंतर ते लॅपटॉपचं एक बटण दाबायचे आणि घरात त्यांचा आवाज यायचा. मोबाईलमध्ये कॉपी करून घेऊ म्हटलं तर मान हलवून साफ नकार. आपला आवाज लोकांच्या व्हॉट्सॲपवर फिरलेला त्यांना नको होता.

एका संध्याकाळी लाईट येऊन-जाऊन करत होती, लॅपटॉप चार्जिंगला होता, तो बंद पडला तो पडलाच. दुकानदाराने उघडून बघितलं. या पातळ लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क, म्हणजे सगळं साठवणारी मेमरी, वेगळी काढता येत नाही, ती बोर्डलाच चिकटलेली असते म्हणे... म्हणजे बोर्ड जिवंत केल्याशिवाय आवाज मिळणार नाही, आणि त्यासाठी सुटे भाग काढून घ्यायला अगदी त्याच मॉडेलचा जुना बोर्ड हवा.

मी झाकणावरचं नाव सांगितलं. तो म्हणाला, “बेन, हे नाव तर सगळ्यांचं सेम असतं. खालचा पूरा नंबर पायजे.”

मला हे खरंच माहीत नव्हतं. झाकणावर असतं ते नुसतं घराण्याचं नाव, आणि त्या एका नावाखाली कितीतरी वेगवेगळी मॉडेल्स येतात. खरी ओळख खालच्या बारीक अक्षरांत असते. लॅपटॉप चालू असेल तर सिस्टिम इन्फॉर्मेशनमध्येही सापडते, पण आमचा चालूच होत नव्हता. खोका केव्हाच भंगारात गेलेला, आणि भेटीच्या वस्तूचं बिल आमच्याकडे कुठून असणार?

घरी येऊन मी सहज म्हटलं, स्टिकर पुसला कसा गेला कोण जाणे. आई म्हणाली, “दसऱ्याची हळद...”

आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते. स्कूटर, मिक्सर, शिलाई मशीन आणि लॅपटॉपसुद्धा. झाकणावर डाग पडला तर बाबा चिडतील म्हणून आई तो उलटा करून हळदकुंकू खालच्या बाजूला लावायची. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून ठेवायची. दर वर्षी, अगदी मनापासून.

त्या दिवसापासून आई नीट जेवेना. तिच्या डोक्यात एकच बसलं, की तिने नंबर नाही, आवाज पुसला.

शेवटी ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने सुचवलं, ज्या ईमेलने लॅपटॉप सुरू केला होता तो उघड, त्या अकाउंटमध्ये आपली सगळी उपकरणं दिसतात. बाबांच्या मोबाईलवर लॉगिन केलं... आणि तिथे चक्क पूर्ण मॉडेल, शेवटच्या अक्षरापर्यंत. मी तिथेच रडले. आईने देवापुढे साखर ठेवली.

दुकानदाराने वापीहून तसाच बोर्ड शोधून आणला. आम्ही रोज वाट बघत होतो. बाबा तर त्यांच्या टेबलावरची लॅपटॉपची जागा रोज पुसून ठेवायचे.

काल दुकानदाराचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला, कारण चांगलीच बातमी असणार असं मी धरून चालले होते.

“मॉडेल बराबर होतं, बेन. तुमचा बोर्ड चालू झाला. पण मेमरीच जळलेली हाय, त्यात कायपण नाय ऱ्हायलं.”

बाबा खुर्चीत बसून ऐकत होते, आई स्वयंपाकघराच्या दारात. मी आईला परत परत समजावलं, की नंबर पहिल्याच दिवशी मिळाला असता तरी हेच झालं असतं, मेमरी त्याच संध्याकाळी गेली होती. ती नुसती म्हणत राहिली, “मीच पुसलं गं...”

बाबा उठले आणि तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. ऑपरेशननंतर सुरुवातीला ते ओठ हलवून बोलायचे, आम्हाला कळायचं नाही, ते चिडायचे, मग त्यांनी ते सोडूनच दिलं होतं. काल त्यांनी तिची हनुवटी वर केली आणि सावकाश ओठ हलवले. तुझी काही चूक नाही.

हे वाक्य त्या फोल्डरमध्ये नव्हतंच. लॅपटॉप सुरू झाला असता तरी ते बाबांना बटण दाबून म्हणता आलं नसतं. असं काही म्हणायची वेळ येईल हे रेकॉर्ड करताना कुणाच्या मनात आलं असणार?

आईला पहिल्याच वेळी कळलं. ती म्हणाली, “बरं,” आणि चहा टाकायला आत गेली.

तुम्ही आज एवढंच करा... लॅपटॉप उलटा करून खालच्या नंबरचा फोटो काढून ठेवा. आणि ज्यांचा आवाज तुम्हाला हवा आहे, त्यांच्या आवाजाच्या दोन-तीन कॉप्या करा, ते नको म्हणाले तरी. मी सकाळपासून बाबांचं ‘जेवलीस का’ आठवून बघतेय. शब्द आठवतात... आवाज आजच नीट आठवत नाहीये.