‘नाही’ न म्हणणारा आमदार

‘नाही’ हा शब्द ज्याच्या तोंडून कधी बाहेर पडला नाही असा माणूस पेडण्यापासून डिचोलीपर्यंत एकच, आमचा आमदार. कुणी काहीही मागो, हा हात जोडून म्हणणार, “होतला मरे!” म्हणजे होईल की! नळ मागितला, होतला. जावयाला सरकारी नोकरी, होतला. बाजारात एक म्हातारी नुसतं “पाऊस लांबला” म्हणाली, तर तिलाही “होतला, आजये!” सांगून मोकळा. झालं कधी काही? डोंबल!

आमचं दुखणं वाटेचं होतं. धारगळला आमच्या घराची वाट शेजारच्या शाबीकाकांच्या माडांच्या बागेतून येते. तिथे त्यांनी फाटक घालून कुलूप ठोकलं. गुडघ्यांनी अधू झालेल्या माझ्या आईला डॉक्टरकडे न्यायचं, तर खुर्चीत बसवून चौघांनी शेतातून उचलून न्यायची. आमदार घरी आला, चार पाव आणि टोपभर भाजी फस्त केली आणि म्हणाला, “मावशे, वाट तुझीच. फाटक उघडला म्हणान समज!”

फाटक हललं नाही. पुढे लोकांनी निवडणुकीत त्याला घरी बसवला, तर मूळचा वकील असलेला हा पठ्ठ्या पुन्हा वकिलीत शिरला आणि काही वर्षांत चक्क न्यायाधीश झाला! पहिल्याच दिवशी म्हणे सवयीने आरोपीलाही हात जोडले. हा वादी-प्रतिवादी दोघांनाही जिंकवील, असं मी सगळीकडे सांगत सुटले होते.

नेमका वाटेसाठी आईने शाबीकाकांवर लावलेला दावा त्याच्यापुढे आला. आई घरी हरखली. इकडे कोर्टात शाबीकाकाही मिशीत हसत होते. त्याने कागद पाहिले, चष्मा काढला.

“आमदार असताना या वाटेबद्दल मी दोन्ही पक्षांना शब्द दिलाय. वादी बाईंना म्हटलं वाट तुमची, प्रतिवादींना म्हटलं फाटक तुमचं. हा दावा मी चालवणार नाही. दुसऱ्या न्यायालयाकडे जाऊ दे.”

नाही म्हणाला! तेही भर कोर्टात, मान खाली घालून.

बाहेर शाबीकाका पायरीवर मटकन बसले. “तुमकाय शब्द दिल्लो त्याणे?”

“चार पाव खाऊन,” मी म्हटलं.

“आमगेर कोंबो खाल्लो रे देवा!”

आमचे पाव, त्यांच्या घरचा कोंबडा! दोघांनी मिळून त्याला यथेच्छ शिव्या घातल्या, मग हसू आवरेना. वर्षानुवर्षं अबोला होता आमचा. पुढची तारीख पडायच्या आत काकांनी स्वतःच कुलूप काढलं.

आता रिक्षा दारापर्यंत येते. तो मात्र येत नाही. न्यायाधीशाने असं कुणाकडे जायचं नसतं म्हणे. संध्याकाळी फाटक वाजलं की आई विचारते, “तोच काय गो?” मी नाही म्हणते, आणि तरी खिडकीतून वाकून बघते.