सरांच्या नावाने दिलेलं खळं

एव्हलिन माझी मोठी जाऊ. तोंडाची फटकळ, हाताची सढळ आणि डोक्याची कशी ते तुम्हीच ठरवा. उत्तनला आमच्या पाड्यात तिला सगळे 'खळ्यावाली' म्हणतात. खळं म्हणजे समुद्राला लागून असलेली आमची मासळी सुकवायची जागा. बांबूच्या वलांड्या बांधायच्या, त्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगायचे, खाली जवळा पसरायचा आणि दिवसभर कावळ्यांना शिव्या देत बसायचं. तिचा नवरा, म्हणजे माझा मोठा दीर रुबेन कंबर मोडून घरी बसला, बोट गेली, तेव्हापासून त्यांची चूल त्या खळ्यावर पेटते. लेक ब्रिटनीचं कॉलेजही त्यावरच. पाड्यातल्या बाकी बायकांचंही थोड्याफार फरकाने तेच.

जागा सरकारी. कागदावर आमचं काहीच नाही. मागे एका बिल्डरला तिथे रिसॉर्ट बांधायचं होतं. जेसीबी आला तेव्हा ज्यांना मतं दिली होती त्यांचे फोन लागेनात. आले फक्त खंदारे सर. आमदार वाल्मिक खंदारे. मराठवाड्यातून आलेला माणूस, खारी गावात भाड्याच्या घरात राहायचा, आधी शाळेत शिकवायचा. ह्याला मासळीतलं काय कळणार, असं आम्ही बायका आपसात बोलत होतो. तर हा बाबा पांढऱ्या पॅन्टवर थेट जवळ्यात मांडी घालून बसला, जेसीबीच्या समोर! एव्हलिन ओरडली, "सर, उठा, जवळा चिरडतोय!"

"चिरडू दे," सर म्हणाले. "आज मी उठलो तर उद्या तुम्हाला उठवतील."

ते उठले नाहीत. पुढे विधानसभेतही भांडले, आणि जेसीबी आला तसा गेला. त्या दिवसापासून एव्हलिन दर रविवारी चर्च सुटलं की बस पकडून खारीला जायची, सरांच्या घरी सुक्या बोंबलांचं पुडकं द्यायला. सर दारापर्यंत सोडायला यायचे आणि विचारायचे, "पुढच्या रविवारी?" ही म्हणायची, "येते." इतकंच बोलणं. पण पाड्यात येऊन असं सांगायची जणू मंत्रालयात जाऊन आली.

गेल्या वर्षी सर गेले. किडनीने नेलं. खारीत पुण्यानुमोदनाला ही मागच्या रांगेत बसली, हातात रोझरी घेऊन. पंचशीलाला सगळे उठले तशी उठली. शब्द येत नव्हते, नुसते ओठ हलवत होती आणि नाक पुसत होती. माझ्यासुद्धा डोळ्यांना पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

मग पक्षाच्या अभिनवने आमच्या पाड्यात शोकसभा ठेवली. अभिनव म्हणजे सरांच्या मागे पाणी घेऊन फिरणारा पोरगा, आता त्याच्याच मागे चार जण फिरतात. सभा खळ्याच्या कडेला, आमच्या जुन्या खुरसापाशी, म्हणजे दगडी क्रॉसपाशी. त्याने माइकवर विचारलं, "सरांचं स्मारक करायचंय, कुठे करूया?" झालं. एव्हलिन उठली, रडत रडत पुढे गेली, एक हात खुरसावर ठेवला आणि म्हणाली, "आमच्या खळ्यावर करा! सरांच्या नावाने दिलं खळं. सगळं दिलं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही बायकांनीही वाजवल्या. सगळ्यांच्या डोक्यात होती खुरसाच्या बाजूला एक काळी फरशी, तिच्यावर नाव आणि वर एक मेणबत्ती. आमच्याकडे तसंच करतात.

थोड्या दिवसांनी बॅनर लागला. त्यावर बगीचा, कारंजं, पार्किंग, मधोमध सरांचा पुतळा. वलांडी एकही नाही. एव्हलिन तशीच ओल्या हातांनी अभिनवकडे धावली.

"अरे मावशी, तुम्हीच तर दिलं ना! सबके सामने!" तो म्हणाला. "आता सरांच्या स्मारकाला विरोध करणार? सरांच्या?"

ह्या 'सरांच्या'पुढे ती आल्या पावली परत फिरली.

आमच्या पाड्याची एक रीत आहे. खुरसाला हात लावून मेलेल्या माणसाच्या नावाने काही दिलं की ते परत मागायचं नाही. वाट एकच. त्या माणसाच्या घरच्यांनी तिथली मूठभर माती देणाऱ्याच्या पदरात टाकली, तर दिलेलं सुटतं. पाड्यातला म्हातारा अल्फान्सो हे सांगून गप्प बसला. बायका मात्र गप्प बसल्या नाहीत. नळावर एव्हलिन आली की बादल्या उचलून निघून जायला लागल्या. एक तर तोंडावर म्हणाली, "तुझं तू दे ना, आमचं पोट कशाला दिलंस?"

एव्हलिन जेवेना. माझ्या ओट्यावर येऊन बसायची. "कॅरेन, बिल्डरला जमलं न्हाय ते मी केलं गं," म्हणायची. "सर मेल्यावर त्यांनाच हाकललं मी खळ्यावरून." मी चिडायची, ओरडायची, मग तिच्यासाठी पेज करायची. दुसरं करणार काय?

शेवटी आम्ही दोघी खारीला गेलो, सरांच्या बायकोकडे. वैजयंताताई एकट्याच होत्या. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली सरांचा फोटो, हार सुकलेला. एव्हलिन जमिनीवरच बसली, पाड्याची रीत सांगितली आणि ताईंचे पाय धरले.

"ताई, एक मूठ माती टाका माझ्या पदरात. भीक समजा."

ताईंनी फोटोवरचा हार नीट केला. मग म्हणाल्या, "नाक्यावरचा त्यांचा बोर्ड बघितलास? काढला. तिथे अभिनवचा लागलाय. एव्हलिन, माझा माणूस कधी घरात नव्हता गं. आजारी पडला तेव्हा पहिल्यांदा सलग घरी राहिला. मी म्हणायचे, लोकांचा आहे, लोक ठेवतील. वर्ष नाही झालं, लोक विसरले. ते स्मारक झालं तर निदान एक जागा राहील त्यांच्या नावाची."

"ताई, ती जागा हायच की! सर जवळ्यात बसले होते तिथे. आम्ही रोज पोरांना दाखवतो."

ताई रडल्या. एव्हलिनला उठवलं, पाणी दिलं. "मी बघते," म्हणाल्या. 'बघते' म्हणजे हो, असं आम्ही धरून चाललो. बसमध्ये एव्हलिन कितीतरी दिवसांनी हसली, आणि माझ्या पर्समधला वडापाव मला न विचारता खाल्ला.

भूमिपूजनाच्या दिवशी खळ्यावर मांडव. वलांड्या मोडून बांबू एका कडेला टाकले होते. एकच वलांडी उभी होती, खुरसाच्या मागे. तिच्यावर एव्हलिनचे बोंबील. वैजयंताताई पांढऱ्या साडीत आल्या. अभिनवने त्यांच्या हातात कुदळ दिली, त्यांनी घाव घातला आणि वाकून मूठभर माती उचलली.

बायकांमध्ये कुजबुज झाली. एव्हलिन पुढे जाऊन पदर पसरून उभी राहिली. आमची खळ्यावाली, जिने जेसीबीवाल्याला आईवरून शिव्या दिल्या होत्या, ती सगळ्या गावासमोर पदर पसरून! ताई तिच्यापाशी आल्या. मूठ वर उचलली. मी मनात 'हेल मेरी' म्हणायला लागले.

ताईंनी मान वळवून मांडवातल्या बॅनरकडे बघितलं. सरांचा एवढा मोठा फोटो कुणीच कधी लावला नव्हता. त्यांनी ती माती कपाळाला लावली आणि स्वतःच्याच पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

"माफ कर गं मला," त्या हळूच म्हणाल्या. मी शेजारीच होते म्हणून ऐकू आलं. मग बँजो सुरू झाला.

एव्हलिनचा पदर पसरलेलाच होता. मी तिचे हात खाली ओढत होते, ती खाली घेत नव्हती.

रविवारी बघते तर ही बाई खुरसामागच्या वलांडीवरचे बोंबील उतरवून पुडकं बांधतेय! माझं डोकंच फिरलं. "अगं, त्या बाईने तुझ्या पोटावर पाय दिला, आणि तू तिला बोंबील देतेस? लाज न्हाय?"

"सरांच्या घरचा वाटा हाय," ती म्हणाली. "मी ठेवू?"

मी बडबडत मागून गेले. ताईंनी दार उघडलं, आम्हाला आत घेतलं, पुडकं हातात घेतलं. आमच्याशी नजर भिडवेनात. आम्ही वळलो. ताई दारापर्यंत सोडायला आल्या आणि सरांच्याच सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पुढच्या रविवारी?"

एव्हलिन थांबली. आवाज चढवला नाही, रडलीही नाही.

"कुठे सुकवू, ताई?" तिने विचारलं.

ताई पुडकं छातीशी धरून उभ्या राहिल्या. आम्ही बस पकडायला निघालो.