आईने सोडलेला आंबा

काशीला आलं की आवडीचं काहीतरी सोडायचं, अशी रीत आहे. आमचे वडील दशाश्वमेध घाटावर उपाध्येपण करायचे. महाराष्ट्रातून आलेले यात्रेकरू आमच्याच घरी उतरायचे आणि गंगेत उभे राहून कारलं सोडायचे. क्वचित कुणी दोडका. जन्मात ज्याला हात लावला नाही ते सोडून ही मंडळी पुण्य पदरात बांधून गाडीत बसायची. वडील खुशाल संकल्प सांगायचे. कारल्यालाही दक्षिणा तेवढीच होती.

आईने मात्र आंबा सोडला होता. कोकणातली मुलगी लग्न होऊन बनारसला आली, आणि काय सोडतेस असं सासूने विचारताच आंबा म्हणून मोकळी झाली. वडिलांनी या गोष्टीचं सोनं केलं. "नवऱ्याच्या आयुष्यासाठी हिने प्राणप्रिय फळ टाकलं," असं ते यात्रेकरूंच्या पंगतीत सांगायचे, दर वर्षी थोडं वाढवून. बायका आईच्या पाया पडायच्या. आई वरण वाढत पुढे सरकायची. ज्येष्ठात घरी लंगडा आंब्याच्या टोपल्या यायच्या. आम्ही भावंडं कोपरापर्यंत रस ओघळवत खायचो, आणि ही साध्वी आम्हाला फोडी करून द्यायची.

तिला काही विचारलं तर उत्तर ठरलेलं, "माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काय आहे?"

वडील गेले. यात्रेकरू हॉटेलात उतरू लागले. तरी एकदा ऐन आंब्याच्या दिवसांत जुन्या ओळखीचं एक कुटुंब जेवायला आलं. आजी आंबा का घेत नाहीत, असं त्यांच्या सुनेने विचारलं. मी सवयीने वडिलांची टेप लावली. 'प्राणप्रिय'पर्यंत पोहोचलो तोच आई म्हणाली, "चुप बस जरा. आंबा मी सोडला, तर मीच सांगते."

आणि सांगितलं.

"मला वाटायचं, आंबा फक्त आमच्या कोकणात होतो. इथे इतक्या लांब कुठला यायला? म्हटलं, सोडून टाकू, आपलं काय जातंय. सासूबाई खूश. आणि ज्येष्ठ लागला तशी दारात टोपली. मोरीत जाऊन रडले मी. पण सांगणार कोणाला? तोवर ह्यांनी मला देवी करून ठेवलं होतं."

सून इतकी हसली की तिला ठसका लागला. मलाही हसू आलं, आणि वडिलांचा रागही आला. इतकी वर्षं आम्ही एका देवीच्या हातचं जेवत होतो. ही लबाडी करायला जाऊन फसलेली पोरगी आज पहिल्यांदा भेटत होती, आणि ती मला देवीपेक्षा कितीतरी जास्त आवडली.

"म्हणजे पुण्य काही मिळालं नसणार," मी म्हणालो.

"कसलं मिळतंय. मी तरी कारलंच सोडायला निघाले होते की. चीर एक."

मी लंगडा चिरला. आईने फोड तोंडात घातली आणि डोळे मिटले. आम्ही सगळे हात थांबवून तिच्याकडे बघत राहिलो.

"हापूसची सर नाही," ती म्हणाली, आणि ताटली पुन्हा पुढे केली.