तीनशे पंच्याण्णवचा आकडा

खुर्शीद मजगावकर कुठलाही करार शेवटच्या पानापासून वाचायला घ्यायच्या. बारीक अक्षरातलं सगळं आधी वाचायचं, मग वर यायचं. आमच्या पतसंस्थेत त्या प्रशासन अधिकारी होत्या. शाखांची भाडी, प्रिंटर, जनरेटर, सुरक्षारक्षक, असं जे जे बाहेरून घ्यायचं ते त्यांच्या टेबलावरून जायचं. वय चोपन्न, आवाज मऊ, चष्मा नेहमी डोक्यावर. रत्नागिरीच्या मुख्य कार्यालयात आम्ही सगळे त्यांना आपा म्हणायचो.

हा स्वभाव त्यांना कुठून लागला ते त्यांनीच एकदा डबा खाताना सांगितलं होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांच्या नवऱ्याला एका एजंटानं मस्कतला स्टोअरकीपर म्हणून पाठवलं. तिथं उतरल्यावर कळलं, की इंग्रजी कागदात स्टोअरकीपर लिहिलंय आणि अरबी कागदात हमाल. सही दोन्हींवर होती. आठ महिन्यांनी तो माणूस वाळून परत आला. आपा म्हणाल्या, "तेव्हापासून मी कुणाचं ऐकत नाय गो. वाचते."

मी सावनी. संगणक विभाग म्हणजे मी आणि एक सर्व्हरची खोली. पुढे जे झालं त्यात मीही होते, म्हणून सांगते.

आमच्या सव्वीस शाखा, पार दापोलीपासून राजापूरपर्यंत. शाखाधिकाऱ्यांची मासिक बैठक असली की दापोलीच्या ज्ञानेश्वरी मॅडम पहाटेच्या एसटीनं निघायच्या आणि दोन तासांच्या बैठकीसाठी त्यांचा अख्खा दिवस जायचा. फुकटातले व्हिडिओ कॉल आम्ही वापरून पाहिले, पण चाळीस मिनिटं झाली की ते बंद पडायचे, आणि नेमके कर्जप्रकरणं सुरू असतानाच पडायचे. शेवटी संचालक मंडळानं ठरवलं, की पैसे भरून नीट यंत्रणा घ्यायची. बैठका, संदेश, फायली, रेकॉर्डिंग, सगळं एकाच ठिकाणी. तीन कंपन्यांकडून दर मागवले. त्यांतली पुण्याची एक सगळ्यांना पसंत पडली.

त्या कंपनीकडून आला अनिश शेट्ये. पस्तिशीचा, हसतमुख, मूळचा रत्नागिरीचाच. पहिल्याच दिवशी मला बघून म्हणाला, "तू पॉलिटेक्निकला होतीस ना? मी दोन वर्षं पुढे." मी हो म्हटलं. आपा समोरच बसल्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, एवढंच मला आठवतं.

अनिशनं पंचेचाळीस दिवस चाचणीसाठी यंत्रणा मोफत दिली. एकशेऐंशी जणांना खाती काढून दिली. दर सांगितला माणशी महिना सहाशे चाळीस रुपये, तीन वर्षांचा करार. आपा म्हणाल्या, "बघू." भाव करताना त्या दुसरं काही बोलत नसत.

पुढच्या सोमवारी अकरा वाजता आम्ही तिघं बोलायला बसलो: आपा, मी आणि आमचे मुख्य कार्यकारी अधिकारी चारुदत्त बेहेरे. बेहेरे साहेब तपासणीसाठी दापोलीला होते, म्हणून ही चर्चाही त्या नव्या यंत्रणेवरच झाली. साहेबांनी सांगितलं, की मंडळानं जास्तीत जास्त चारशे मंजूर केलेत, त्यावर एक रुपया नाही. आणि म्हणाले, "तीन वर्षं मला जरा जड वाटतात. दोन असती तर बरं."

आपांनी अनिशला फोन करून दोनशे नव्वद सांगितले. तो हसला. दुसऱ्या दिवशी त्याचं नवं पत्र आलं: तीनशे पंच्याण्णव.

आपांनी ते पत्र माझ्यापुढे ठेवलं. "सहाशे चाळीसवरून एका उडीत तीनशे पंच्याण्णव? पाचशे नाय, साडेचारशे नाय. चारशेच्या बरोब्बर पाच रुपये खाली?"

"असेल योगायोग," मी म्हटलं.

दुपारी अनिशचा फोन आला. आपांनी तो स्पीकरवर टाकला. बोलता बोलता अनिश म्हणाला, "मॅडम, साहेबांना तीन वर्षं जड वाटत असतील तर आपण दोन करू."

फोन ठेवल्यावर आपांनी पत्राच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "जड. हाच शब्द." आणि थोड्या वेळानं, "अनिश तुझ्याच कॉलेजचा ना?"

त्या दिवसापासून त्यांचं वागणं बदललं. भांडण नाही, टोमणा नाही. पण मी खोलीत गेले की टेबलावरची फाईल मिटायची. डब्याच्या वेळी पूर्वी त्या मला हाक मारायच्या, आता "तू जेव, माझं काम आहे" असं व्हायला लागलं. एकदा अनिशचा मला मेसेज आला, खात्यांचे पासवर्ड बदलण्याबद्दल. मी फोन उचलून वाचत होते, तर आपा दारात उभ्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

मला राग आला होता, आणि रागापेक्षा वाईट म्हणजे मलाही संशयाची लागण झाली. मी नाही, आपा नाहीत, मग बेहेरे साहेब? साहेबांचा मुलगा पुण्यात कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीतच होता. ती कंपनी कोणती हे मी कधी विचारलं नव्हतं. आता लिफ्टमध्ये साहेब भेटले की मी त्यांच्या हातातल्या फोनकडे बघायला लागले. तिघांचं काम, आणि आम्ही दोघी बाकीच्यांकडे तिरक्या नजरेनं बघतोय. साहेबांना अर्थात यातलं काहीच माहीत नव्हतं. ते दर सोमवारी अकराला कुठल्या ना कुठल्या शाखेतून हसत हसत पडद्यावर यायचे.

मग एका दुपारी आपा चहाच्या खोलीत माझ्याजवळ आल्या. खूप दिवसांनी. हळूच म्हणाल्या, "मंडळानं आकडा खाली आणलाय. तीनशे पन्नास. कुणाला बोलू नको." मला वाटलं, गेला संशय. मला इतकं बरं वाटलं, की मी त्यांच्यासाठी चहा आणला.

आठवडा गेला. अनिश तीनशे पंच्याण्णववरच अडून होता. "याच्या खाली माझ्या हातात काही नाही मॅडम. तिमाही संपतेय, तोवर हा दर आहे. नंतर हाही जाईल." चाचणीचे दिवसही संपत आले होते.

शुक्रवारी आपांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावायला सांगितलं.

"सावनी, एक विचारते. मीटिंग कोण कोण ऐकतं?"

"म्हणजे?"

"तुला मी तीनशे पन्नास सांगितले. साहेबांना फोनवर सांगितलं, मी तीनशे सत्तरच्या वर जाणार नाय. दोन्ही खोटे. तुमच्यातलं कोण असतं तर अनिश त्या आकड्यावर आला असता. तो हलला नाय." त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला. "म्हणजे तोंडी सांगितलेलं त्याला कळत नाय. मीटिंगमध्ये बोललेलं कळतं."

मला चहा आणल्याचं आठवलं आणि कानशिलं गरम झाली. पण प्रश्न बरोबर होता, आणि तो खरं तर मला, संगणकवालीला, आधी पडायला हवा होता. मी त्यांच्याच संगणकावर त्या पहिल्या सोमवारची बैठक उघडली.

त्या यंत्रणेत एक सोय होती. बैठक संपली की काय बोलणं झालं त्याचा सारांश ती आपोआप तयार करायची आणि निमंत्रितांना ईमेलनं पाठवायची. आम्हाला तो येत होता. इतक्या ईमेलमध्ये आम्ही तो कधी उघडलाच नव्हता. मी उघडला. मोडक्यातोडक्या मराठीत लिहिलं होतं: 'कमाल मर्यादा चारशे. साहेबांना तीन वर्षे जड वाटतात.' खाली निमंत्रितांची यादी होती. खुर्शीद मजगावकर. चारुदत्त बेहेरे. सावनी. आणि चौथं नाव, अनिश शेट्ये.

"ह्याला कुणी घातला?" आपांचा आवाज चढला.

मी आणखी खाली गेले. पहिल्या दिवशी, यंत्रणा कशी चालते ते अनिश दाखवत होता तेव्हा, सराव म्हणून एक बैठक ठरवली गेली होती. दर सोमवारी, अकरा वाजता. तीच बैठक आम्ही पुढे वापरत राहिलो. अनिश त्यात कधी बोलायला आला नव्हता, त्यामुळे पडद्यावर दिसला नव्हता. नाव मात्र यादीत राहून गेलं होतं. बैठक ठरवणाऱ्याच्या नावासमोर लिहिलं होतं: खुर्शीद मजगावकर.

आपांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून पदराला पुसला आणि पुन्हा वाचलं.

"मीच," त्या म्हणाल्या.

खरं सांगायचं तर मला तेव्हा थोडं बरंच वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

त्या उठल्या आणि तशाच बेहेरे साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. मलाही बरोबर नेलं. काय घडलं ते सगळं सांगितलं. त्यांना खोटा आकडा सांगितला होता तेही. साहेबांनी आपल्या ईमेलमध्ये तो सारांश उघडून वाचला. मग त्यांना कल्पना सुचली. "मजगावकर मॅडम, मग आता सोमवारी मुद्दाम बोलू या ना. आपली मर्यादा दोनशे ऐंशी म्हणून. वाचू दे त्याला."

आपांनी मान हलवली. "तो सारांश संस्थेच्या दप्तरात राहणार, साहेब. उद्या ऑडिटरनं विचारलं, मंडळानं चारशे मंजूर केले आणि तुम्ही बैठकीत दोनशे ऐंशी कसे बोललात, तर काय सांगणार? त्याला इथं बोलवा. समोर."

अनिश बुधवारी आला. पुण्याहून निघून कोल्हापूरमार्गे पालीला चहा घेऊन, असं हसत सांगत खोलीत शिरला. आपांनी त्याला पाणी दिलं आणि सारांशांचे चार छापील कागद त्याच्यापुढे ठेवले. त्यानं पहिला वाचला, दुसऱ्याला हात लावला नाही.

"मी मागितलं नव्हतं मॅडम. आपोआप येत होतं."

"आणि तू वाचत होतास."

त्यानं हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाला, "हो."

"पहिल्याच वेळी एक फोन करायचास. मॅडम, माझं नाव यादीत राहिलंय, काढून टाका. झालं असतं."

"चूक झाली."

"माझीपण झाली," आपा म्हणाल्या. "आता धंद्याचं बोलू."

आणि त्यांनी चाचणीच्या काळातला वापर काढून ठेवला होता तो पुढे केला. सोमवार-मंगळवारी मीच तो काढून दिला होता. एकशेऐंशी जणांपैकी स्वतः बैठक बोलावणारे होते फक्त चौसष्ट. बाकीचे दुसऱ्यानं बोलावलं की यायचे, ऐकायचे आणि जायचे. त्यांच्यासाठी पूर्ण पैसे कशाला? सत्तर जणांचे परवाने घेऊ, बाकीचे नुसते येऊन बसतील. दुसरं, करार संपला की आपोआप पुढे चालू राहील हे शेवटच्या पानावरचं कलम काढायचं. तिसरं, नूतनीकरणाला दर शेकडा पाचाच्या वर वाढणार नाही, हे लेखी हवं. आणि आम्ही सोडून गेलो तर आमची रेकॉर्डिंग आमच्या ताब्यात द्यायची.

"आणि दर?" अनिशनं विचारलं.

"तीनशे दहा. दोन वर्षं."

तो फोन घेऊन व्हरांड्यात गेला. काचेतून दिसत होता, येरझारा घालताना. साहेब मला हळूच म्हणाले, "आपण तक्रार करू म्हणून घाबरलाय तो." आपांनी ऐकलं. म्हणाल्या, "तक्रार मी नाय करणार. पण हे कागद फाईलला लागणार, ते त्याला कळलंय."

वीस मिनिटांनी तो परत आला. तीनशे वीस, बाकी सगळं मान्य. आपांनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी मान डोलावली. तरीही सही त्या दिवशी झाली नाही. करार नव्यानं छापून आला, आपांनी तो शेवटच्या पानापासून वाचला, दोन ठिकाणी पेन्सिलीनं खुणा करून परत पाठवला, आणि मग सोळा दिवसांनी सही झाली.

माझ्याशी मात्र आपा त्या बुधवारी संध्याकाळीच बोलल्या. बसस्टॉपपर्यंत माझ्याबरोबर चालत आल्या. "तुझ्यावर संशय घेतला मी. फाईल झाकत होते ते तुझ्यापासूनच." मी म्हटलं, मला माहीत होतं. "राग आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आहे. त्यांनी मान हलवली. माझी गाडी येईपर्यंत उभ्या राहिल्या. तो राग माझ्या मनात दोन-तीन महिने तरी राहिला. मग कधी गेला ते कळलं नाही.

नव्या यंत्रणेवरची पहिली मासिक बैठक मात्र मी विसरणार नाही. सव्वीसच्या सव्वीस शाखा पडद्यावर. ज्ञानेश्वरी मॅडम दापोलीहून, आपल्याच खुर्चीत बसून. साहेब सुरुवात करणार, तोच आपांनी त्यांना थांबवलं आणि निमंत्रितांची यादी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. एकेक नाव, आणि समोरून "हजर" आल्याशिवाय पुढचं नाव नाही. दहा मिनिटं गेली. लोक हसायला लागले, कुणीतरी जांभई दिली. शेवटच्या, एकोणतिसाव्या नावाला त्या अडल्या.

"हा रितेश कोण?"

"मॅडम, मी पाली शाखा. नवीन क्लार्क. पंधरा दिवस झाले," पडद्याच्या कोपऱ्यातून घाबरा आवाज आला.

"तुला कुणी घातला?"

"आमच्या साहेबांनी. ते रजेवर आहेत."

आपांनी चष्मा नीट केला. "मोबाईलवर आहेस ना? मग बाहेर ये आणि शाखेची पाटी दाखव."

पोरगा खरोखर उठला. कॅमेरा हलला, काउंटर दिसलं, पायऱ्या दिसल्या, उभी असलेली एक रिक्षा दिसली, आणि मग ऊन पडलेली पाटी, तिरकी, पण वाचता येण्याजोगी.

"ठीक," आपा म्हणाल्या. "साहेब, करा सुरू."