कलम पंधरा आणि शरणम्माची विहीर

धोंडप्पा गुरुजींना राज्यघटनेचं इतकं वेड, की नागरिकशास्त्राचा तास संपला तरी त्यांची घटना समिती उठायची नाही. निलंगा तालुक्यातल्या त्या गावात नववी-दहावीची पोरं त्यांच्या तासाला सभासद होत आणि हात वर करून कलमं मंजूर करत. घटना पाठ करून कळत नाही, भांडून कळते, असं गुरुजी म्हणत. असा माणूस प्रत्येक शाळेला एक तरी मिळावा.

लातूर जिल्हा झाला, त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात दुष्काळाने गावाचा घसा कोरडा पडला. पाणी उरलं एकाच विहिरीत, गुरुजींच्या मळ्यातल्या. ती त्यांच्या आईच्या, शरणम्माच्या नावावर होती. गावाबाहेरच्या वस्तीतल्या बायका घागरी हातभर लांब ठेवून बसत आणि म्हातारी पोहरा शेंदून वरून ओतत असे. त्यांनी दोराला हात लावायचा नाही, ही जुनी रीत. म्हातारीला यात पुण्यच दिसे, आणि खरं सांगायचं तर गुरुजींनाही कधी काही खटकलं नव्हतं.

मार्चात वर्गात कलम पंधरा निघालं. विहिरी, तळी, रस्ते, कुठेही जातीवरून कुणाला अडवायचं नाही. वस्तीतली साखरा उठली.

"गुरुजी, तुमच्या हिरीला हे लागू हाय का?"

गुरुजींनी कलम पुन्हा वाचलं. सरकारी पैशातली किंवा लोकांना वाहिलेली विहीर, असं त्यात होतं.

"माझी खासगी हाय," ते म्हणाले. "लागू न्हाई."

पान उलटलं असतं तर अस्पृश्यता बंद करणारं सतरावं कलम होतं. ते त्यांनी उलटलं नाही. साखरा खाली बसली. गुरुजी जिंकले आणि दिवसभर त्यांना कुणाकडे मान वर करून बघवलं नाही.

पोरीला उद्या विहिरीवर नेऊन दोर हातात द्यावा, असं त्यांच्या मनात आलं. पण ती झाली मेहरबानी, आणि मेहरबान माणसाचं मन कधीही फिरतं. नव्या जिल्ह्यामुळे उस्मानाबादचा फेरा वाचला होता. लातूरला जाऊन त्यांनी वकिलाकडून विहीर साऱ्या गावाला वाहिल्याचा कागद करून आणला. आता आईचा अंगठा तेवढा हवा होता. कागद आणि शाई घेऊन ते तिच्यापुढे बसले.

शरणम्माने सगळं ऐकून घेतलं. विहीर तिच्या नवऱ्याने स्वतः खणलेली. मग तिने शाईत अंगठा बुडवून कागदावर टेकवला.

"चाळीस वर्सं समद्यांचं पाणी मीच ओढत आले," ती म्हणाली. "खांदे गेले माझे, धोंडप्पा. आता ज्याचं पाणी त्यानं आपल्या हातानं शेंदावं."